पीलचा चेहरा आणि वर्षाची चटणी

त्वचेची डॉक्टर म्हणून कोल्हापुरात दवाखाना घातला की किस्से शोधावे लागत नाहीत, ते नंबर लावून येतात. आणि बहुतेक माझीच फजिती करून जातात.

*

आजऱ्याकडचा एक नवरदेव आला. हळदीला तोंड उजळ दिसावं म्हणून टाचा घासायच्या वजरीनं गाल घासलेले! नुसतं पाणी लागलं तरी आग व्हायची. घरी म्हशी आहेत म्हणाला, म्हणून मी त्याला समजेल असं सांगितलं, "दुधावर साय असते ना, तसा कातडीवर वरचा थर असतो. तो राखण करतो. तुम्ही सायच काढलीत."

तो विचारात पडला. मी स्वतःवरच खूश झाले.

"मॅडम," तो म्हणाला, "साय रोज काढतो की आमी. दुसरी येती."

*

जयसिंगपूरच्या एक बाई माझ्याकडून पील, म्हणजे औषध लावून चेहऱ्याचा वरचा थर काढून घेणं, करून गेल्या आणि आठवड्यात सोलवटलेले गाल घेऊन परत आल्या.

"तुमचं पील केलं, मग पार्लरचं, मग लेकीनं ऑनलाइन मागवल्यालं. तिन्हीवर लिवलंय, त्वचा निरोगी करतं. मग तिप्पट निरोगी नको व्हय?"

माझ्या बोर्डावरही तेच वाक्य आहे. मी मलम लिहून दिलं.

*

पण माझ्यासारखी पेशंट मला अजून मिळालेली नाही.

पन्हाळ्याला डॉक्टरांच्या बैठकीत मला पहिल्यांदाच भाषणाला बोलावलं. विषय, पीलमुळं त्वचेचं कवच कसं दुबळं होतं. स्टेजवर चेहरा चमकावा म्हणून दोन दिवस आधी मी स्वतःलाच पील केलं. संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "उद्या चटणी कांडायला जायचं हाय."

वर्षाची चटणी, म्हणजे वर्षभर पुरेल एवढं मसाल्याचं लाल तिखट! कांडपाच्या गिरणीत घरचं माणूस उभं नसेल तर आपली मिरची दुसऱ्याच्या डब्यात जाते, अशी त्यांची ठाम समजूत.

"आई, माझं पील झालंय."

"मग? हुबंच तर ऱ्हायचं हाय."

पील झालेल्या पेशंटला मी वाफसुद्धा घेऊ देत नाही. सासूबाईंपुढं माझी डॉक्टरकी चालत नाही. मिरचीचा धुरळा उडत राहिला आणि मी डबा धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी भाषणात तोंड लालबुंद, डोळ्यांतून पाणी. पुढच्या रांगेतले सीनियर डॉक्टर स्लाइड सोडून माझंच निदान करत बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आले तर सासूबाईंनी माझी हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडं वळवला आणि नीट निरखला. आता तूप लावतील, असं वाटून मी डोळे मिटले.

"अवो, ऐकलं का," त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "यंदा मिरची चांगली घावली."