गाण्यातली ती

वरच्या खोलीत पूर्वी भाड्याने राहणाऱ्या गायकाचं गाणं गाजलं आणि त्यातली ‘ती’ कोण, यावर गल्लीत पैजा लागल्या. घरी शिवणकाम करणारी वहिनी म्हणाली, “मीच ती.”

नणंद फिस्सकन हसली. “वहिनी, घरात आरसा आहे ना?”

देवाचं नाव घेऊन वहिनी मशीनवर बसली. ज्याला लोकांनी जन्मभर नावं ठेवली, त्या अधू पायामुळे तिचं पायडल दोनदा झपझप चाले आणि तिसऱ्यांदा रेंगाळे.

“आता लाव गाणं.”

नणंदेने लावलं. गाण्याचा ठेका आणि मशीनची खडखड यांत तसूभर फरक नव्हता.

“अगं बाई! दिवसभर त्याने वर हेच ऐकलं, आणि आम्ही चेहरे शोधत बसलो!”

तिनेच खिडकी उघडून गल्लीला हाक मारली, “अहो, पैजा मोडा! ती आमची वहिनी आहे!”