लाजेचा चेहरा

दशरथआबांचं खोटं रोज नवं असायचं. कोल्हारहून नगरला येणाऱ्या एसटीत मी राहुरीला चढायचे, तेव्हा ते शेजारच्याला नातवाबद्दल काहीतरी सांगत असायचे. "दाताला औषध लावलंय. डॉक्टर म्हनले, तोंड उघडायचं न्हाई." दुसऱ्या दिवशी कान फुटलेला असायचा. सोहम चार वर्षांचा, स्वमग्न. खिडकीच्या गजाला गाल लावून बसायचा, बोलायचा काहीच नाही. माझ्याशी नजरानजर झाली की आबा उगाच टोपी सारखी करायचे.

मी ज्या वर्गात शिकवते तिथं सोहमसारखी मोजकी लहान मुलं येतात आणि प्रत्येकाबरोबर घरातलं एक माणूस थांबतं. आबा आले की आधी म्हणायचे, "दार लावा म्याडम, लोकं बघत्यात." एकदा दार लागलं की हा धोतरातला म्हातारा गुडघ्यांवर येऊन बैल व्हायचा, सोहमला पाठीवर घेऊन खोलीभर हिंडायचा आणि धापा टाकत हसायचा. दार उघडलं की पुन्हा टोपी, पुन्हा तोंड पाडलेलं.

सोहमला शब्द नव्हते, म्हणून आम्ही त्याला चित्रं दिली. पाणी, शू, खाऊ आणि आबांचा एक फोटो, सगळं दोरीत ओवून गळ्यात. मुलानं चित्र हातात ठेवलं की ती गोष्ट लगेच द्यायची, हा आमच्याकडचा पहिला नियम. नाहीतर मूल मागणंच सोडून देतं. सोहमनं पहिल्यांदा आबांचा फोटो दोरीतून सोडवून माझ्या हातात ठेवला, तेव्हा कोपऱ्यात बसलेले आबा धडपडत उठले. "मला मागितलं त्यानं," म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत राहिले.

पण एसटी स्टँडवर जायच्या आधी ती दोरी पिशवीत जायची. ती त्याच्या गळ्यातच राहू द्या असं मी सांगायचे, ते "व्हय व्हय" म्हणायचे.

सकाळी आम्ही सगळे आपापल्या नावाचा चिमटा एका फळ्यावर लावतो. हसरा, रडका, चिडका, घाबरलेला, जसं वाटत असेल त्या चेहऱ्याखाली. मोठ्या माणसांनीही लावायचा. आबांचा चिमटा न बघताच हसऱ्याखाली जायचा. एक दिवस मात्र ते चिमटा धरून नुसते उभे राहिले.

"ह्यात लाजेचा चेहरा न्हाई का, म्याडम?"

मी विचारलं, काय झालं. ते फळ्याकडेच बघत बोलले.

"काल घरी जाताना पोरगं पिशवीला झोंबत हुतं. मला कळलं, शूचं चित्र मागतंय. पन समोर आमच्या गावची मान्सं. मी पिशवी मांडीखाली दाबली. लई रडलं, मंग चड्डीतच झालं. एक बाई म्हनली, वळन न्हाई पोराला. मी बी म्हनलो, व्हय, लई हट्टी हाय." हातातला चिमटा उघडत-मिटत म्हणाले, "बाकीच्यांना कळत नव्हतं म्याडम, मला कळत हुतं. त्याचं तोंड म्याच दाबलं."

मी कागद घेतला आणि समोर खाली मान घालून उभ्या असलेल्या माणसाकडे बघत चेहरा काढून फळ्यावर डकवला. आबांनी त्याखाली चिमटा लावला. पुढं कितीतरी दिवस तो तिथून हलला नाही.

दुसऱ्या दिवसापासून दोरी आबांच्याच गळ्यात आली, सोहमचा हात पोचेल अशी. एसटीत कुणीतरी विचारलं, हे काय. "नातवाची बोली हाय," ते म्हणाले. "बघू द्या लोकान्ला." आवाज बारीक होता, कान लाल झाले होते, पण दोरी त्यांनी झाकली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आबा गेले. झोपेतच.

वर्ग उघडला तेव्हा सोहम आईबरोबर आला. ती दोरी पुन्हा त्याच्या गळ्यात होती. त्यानं कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आबांचा फोटो सोडवला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मग वाट बघत राहिला. मी खाऊ पुढं केला, तो त्यानं बाजूला सारला. पाणी दिलं, तेही सारलं. माझी बोटं उघडून त्यानं फोटो पुन्हा नीट मध्यभागी ठेवला, मीच शिकवलं होतं तसा. त्याला वाटलं असेल, आपलंच मागायचं काहीतरी चुकलं.

मी उठले आणि माझा चिमटा फळ्यावरच्या आबांच्या लाजेच्या चेहऱ्याखाली लावला.