दगडाबाईची मूठ

आमच्या स्कॅनच्या खोलीबाहेर माझा हुकूम चालतो. अठरा वर्षं फौजेच्या दवाखान्यांत एक्स-रे आणि एमआरआय काढून मी उंब्रजला घरी आलो आणि आता इस्लामपूरच्या एका रुग्णालयात तेच काम करतो. आतल्या मशीनचं लोहचुंबक खिशातली किल्लीसुद्धा हिसकावून घेतं, त्यामुळे दारात मी भल्याभल्यांना अडवतो. माझ्या हुकमाला भीक न घालणारी एकच व्यक्ती आजवर भेटली, ती म्हणजे आमच्या बाळांच्या विभागातली मावशी, दगडाबाई.

ती जतकडच्या मेंढरंवाल्या घरातली. आधीची तीन भावंडं दगावली, म्हणून ही तरी तगावी या आशेनं तिचं नाव दगडा ठेवलं. त्यात ही सातव्या महिन्यातच, मेंढरांच्या तळावर जन्मली. आईनं लोकरीत गुंडाळून जगवली. मी नावावरून चेष्टा केली की ती म्हणते, "नाव ऱ्हाऊ द्या फौजी, टिकले का न्हाई ते बघा."

आमच्या डॉक्टर प्रियदर्शनी मॅडम वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या मेंदूचा अभ्यास करतात. पूर्ण दिवस भरून बाळ ज्या आठवड्यात जन्मायला हवं होतं, त्या आठवड्यात मेंदूचा स्कॅन घ्यायचा. मग बाळ दोन वर्षांचं झालं की ते कसं चालतं-बोलतं हे स्कॅनशी ताडून पाहायचं. अडचण एकच. स्कॅनला अर्धा तास निपचित पडावं लागतं, मशीन ठोकाठोकी केल्यासारखं वाजतं आणि झोपेचं औषध तर मॅडमना शक्यतो द्यायचं नसतं.

तिथं दगडाबाई लागते. ती बाळाला आधी थोडं जागवते, मग पोटभर दूध, ढेकर, कानांवर मऊ झाकणं आणि जुन्या सुती लुगड्यात घट्ट गुंडाळणं. त्या लुगड्याच्या जरीच्या काठावरून, जरीत धातूची तार असते म्हणून, आमचं एकदा कडाक्याचं भांडण झालं होतं. शेवटी तिनं काठ कापला. तिच्याशी भांडून मी जिंकलो तो तेवढा एकदाच.

पलूसची सोनिया आली तेव्हा तिच्या मुलीचा तो आठवडा सुरू झाला होता. मुलगी दहा आठवडे आधी जन्मलेली. पहिल्याच आठवड्यात टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत मेंदूत थोडा रक्तस्राव दिसला होता. तो भरून आला का, हे स्कॅनमध्ये कळणार होतं. सोनिया रोज तोच प्रश्न विचारायची आणि मग स्वतःच म्हणायची, "माजंच कायतरी चुकलं असंल." दगडाबाई तिला दटावायची, "माजी आय तर मेंढरांमागं चालत हुती. तिचं काय चुकलं हुतं?"

दोनदा पोरगी मशीनपाशी जाताच जागी झाली. शुक्रवारी दुपारी शेवटचा प्रयत्न होता. नाही जमलं तर औषध देऊन करावं लागणार, या विचारानं सोनियाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

त्या दुपारी दगडाबाईनं कमाल केली. पोरगी गाढ झोपली. सगळे पाय न वाजवता दारापर्यंत आले आणि माझ्या हातातलं लोखंड शोधणारं यंत्र ओरडलं.

दुपट्याच्या आत, कमरेच्या काळ्या दोऱ्यात घोड्याच्या नालाचा खिळा होता. जन्मापासून पोरीच्या उशाशी ठेवलेला तो खिळा सोनियाची सासू लीलाबाई हिनं सकाळी गुपचूप कमरेला बांधला होता. पोरीच्या अंगावर लोखंड-धातू काही आहे का, हे मी तिला दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा तिनं डोळ्याला डोळा भिडवून "काय न्हाई" म्हणून सांगितलं होतं. माझा पारा चढला. पोरगी झोपलेली, म्हणून मला कुजबुजत रागवावं लागलं, आणि कुजबुजत रागवणं फौजेत शिकवत नाहीत.

"लोखंड काढायचं न्हाई," लीलाबाई म्हणाली. "त्येच्यावरच ती आजवर जगलीया."

सोनिया भिंतीला टेकून रडायला लागली. मी दार लावायच्या बेतात होतो. दगडाबाईनं मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि लीलाबाईपुढं तळहात धरला.

"आवं आक्का, लोखंड टाकून द्या कुटं म्हनते मी? माज्या मुठीत द्या. पोरगी भाईर येईस्तवर दारात हुबी ऱ्हाते. मूठ सोडली तर नावाची दगडा न्हाई."

"आनि आत हिच्यापाशी कोन?"

"एरवी मीच आसते. पन लोखंड घेऊन फौजी मला आत सोडतोय व्हय? तुमी जावा."

लीलाबाई क्षणभर गांगरली. मग सोनियाकडे बघून तिनं कानातली फुलं काढली, जोडवी काढली, अंबाड्यातले आकडे काढले. शरीरात सळई, पट्टी, यंत्र काही नाही ना, हे मी तिला तीन-तीनदा विचारलं. तीस वर्षांत एकदाही न काढलेलं डोरलं तिनं सुनेच्या हातात दिलं. दगडाबाईनं दुपटं एका बाजूनं सैल करून दोरा असा काढला, की पोरगी फक्त ओठ चोखत राहिली.

अर्धा तास लीलाबाई कानांवर झाकणं लावून आत उभी होती, एक हात नातीच्या पायावर. बाहेर दगडाबाई मूठ आवळून. मी खुर्ची पुढे केली तर म्हणाली, "तुमचं मशीन बघा." स्कॅन संपला आणि तिनं मूठ उघडली, तेव्हा खिळ्याचा ठसा तळहातावर लालभडक उमटला होता. अशा बाईशी आपण जरीच्या काठावरून भांडलो, याची मला मनापासून लाज वाटली.

मॅडमनी सगळ्या प्रतिमा पाहून सोनियाला समोर बसवलं. रक्तस्रावाची जागा चांगली भरून आली होती आणि मेंदूच्या घड्या त्या वयात असाव्यात तशाच होत्या. "स्कॅन सगळं सांगत नाही, पण आज जे सांगतोय ते छान आहे," मॅडम म्हणाल्या. सोनिया आधी हसली, मग रडली, मग तिनं कॅन्टीनमधून चहा आणि दोन वडापाव मागवून खाल्ले.

दोन वर्षांनी ती पोरगी, शिवांजली, तपासणीला आली. स्कॅन नव्हता, मॅडमच्या खोलीत फक्त ठोकळे रचायचे आणि बोलायचं. लीलाबाईनं तरी सवयीनं दारातच जोडवी काढली. शिवांजलीनं मनोरा रचला, पाडला आणि मॅडमनाच दम दिला, "तू कल." मॅडम खूश झाल्या.

बाहेर बाकावर दगडाबाई दिसताच लीलाबाई नातीला म्हणाली, "ह्या मावशीच्या मुठीत तुजं लोखंड हुतं बग." पोरगी तडक धावली. दगडाबाईनं मुद्दाम मूठ आवळली. पोरीनं एकेक बोट उचलून ती उघडली आणि आत निरखून पाहिलं. मूठ रिकामी होती. मग तिनं आपलाच हात त्या मुठीत घातला आणि बाकावर चढून बसली.

माझे डोळे भरून आले, नाकारत नाही. दगडाबाईचेही भरले होते, पण ती माझ्यावरच खेकसली, "बघताय काय फौजी? आना तुमचं यंत्र. हितं लोखंड न्हाई."