खंडेनवमीला अडलेला नट

माझी शाळा चौथीत सुटली. हात मात्र खडकीच्या एका वर्कशॉपात शिकले आणि तिथं त्यांना कुणी नापास केलं नाही. नट घासला तर दोष नटाचा नसतो, माणसाचा असतो, हे मी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवलं. गेल्या दसऱ्याला ते फिरून माझ्याच अंगावर आलं.

माझ्या स्कूटरचं मागचं चाक पंक्चर झालं. मुलगा टपूनच होता. म्हणाला, "बाबा, पार्किंग अडलंय. दसऱ्याला सकाळी दहापर्यंत चालू झाली तर ठेवा. नाहीतर मी भंगारवाल्याला बोलावतो. फायनल."

"फायनल," मी म्हणालो.

दर दसऱ्याला मी आणि ही, माझी बायको, याच स्कूटरवरून हिच्या थोरल्या बहिणीला सोनं द्यायला खडकीला जातो. रिक्षातून उतरून आपट्याची पानं वाटणारा माणूस मी नव्हे.

त्याच दुपारी चाक खोलायला बसलो. तेरा नंबरचा रिंग पाना वर घरात होता आणि तीन जिने चढायचा मला कंटाळा. हाताशी स्क्रू पाना होता, जबडा ढिला झालेला. बाकीचे नट सुटले, शेवटचा रुसला. मी जोर लावला, पाना सटकला आणि नटाचे कोपरे गेले. मग चिडून पक्कड लावली. तिनं उरलंसुरलं तासून त्याचा पेढा केला.

"गॅरेजवाल्यानं राक्षसासारखा आवळलाय," मी मुलाला सांगितलं.

हिनं गॅलरीतून सगळं पाहिलं होतं. ते तिनं जपून ठेवलं. ही काही जपून ठेवते तेव्हा आपण जपून राहावं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पाटावर मांडून पूजा होते आणि दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत एकाही हत्यारानं काम करायचं नाही. हा नियम माझा. इतका कडक, की हिची विळी आणि कात्रीसुद्धा मी पाटावर नेऊन ठेवतो. भाजी हिला आदल्या दिवशी चिरावी लागते. लग्न झाल्यापासून ती कुरकुरते आहे आणि मी ऐकत नाही.

त्याही सकाळी पाने, छिन्नी, हातोडी, कानस, सगळं मांडलं, झेंडू वाहिला. हात जोडले आणि मग डोक्यात उजेड पडला. आता नट कशानं काढणार?

"काढा की बोटांनी," ही म्हणाली.

मी विचार केला. जे हत्यार पाटावर नाही, त्याला नियम कसा लागेल? नवीनच आणावं! पण माप कसं न्यायचं? कॅलिपरही झेंडूखाली. तेवढ्यात हिनं पोळ्यांची कणीक मळून ठेवलेली दिसली. तिची नजर चुकवून त्यातला एक गोळा उचलला, खाली जाऊन नटावर दाबला, छाप घेतला आणि डबीत घालून कसब्यातून चालत बोहरी आळीतलं हत्यारांचं दुकान गाठलं.

दुकानदारानं डबी उघडून पाहिली. "काका, हे पोळीचं दुकान नाही."

"घासलेल्या नटाचं माप आहे."

"अस्सं. मग कुणी घासला?"

"गॅरेजवाल्यानं."

"सगळ्यांचे तेच घासतात," तो म्हणाला आणि काउंटरवर वस्तू मांडू लागला.

आधी उलट्या आट्यांचा काढणीचा स्क्रू दाखवला. मी म्हटलं, तो मोडक्या बोल्टात भोक पाडून घालायचा, माझा नट शाबूत आहे, फक्त गोल झालाय. मग लॉक होणारी पक्कड. ती चाकाच्या खळग्यात शिरणार नाही. मग बारा कोनांची गोटी. मी हसलो. गोट्या म्हणजे नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या. बारा कोनांची चांगल्या नटाला ठीक, घासलेल्यावर नुसती गरगर फिरते. सहा कोनांची, एक माप लहान, ठोकून बसवली तर कधी धरते, कधी नाही.

"मग तुम्हीच सांगा आता," तो वैतागून म्हणाला.

"आतून पिळाचे दात असलेली गोटी. जेवढी उलटी फिरवाल तेवढी चावते."

त्यानं खालच्या खणातून ती काढली. कणकेच्या छापात बसवून पाहिली, किंचित घट्ट. तशीच हवी होती. सोबत गंजावर मारायचा स्प्रे घेतला. विजयी वीरासारखा घरी आलो.

दारातच ही. "हातात काय आहे?"

"नवीन गोटी. पाटावर नव्हती, म्हणून चालेल."

"नवं हत्यार? खंडेनवमीला? आणि पूजा न करता वापरणार?" तिनं गोटी माझ्या हातून घेतली, हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि विळीशेजारी ठेवून दिली. "झालं. उद्या भेटा."

मी स्प्रे पुढे केला. "आणि हे? तेल आहे, हत्यार नव्हे."

तिनं जरा विचार केला. "तेल चालेल. दिव्यातही घालतोच."

मग दिवसभर दर तासाला खाली जाऊन नटावर तेल मारत बसलो. दुसरं करण्यासारखं होतं काय?

दसऱ्याला सकाळी पाट हलवला आणि गोटी, हातोडी घेऊन खाली गेलो. मुलगा मोबाईल हातात धरून उभा. तीन ठोके देऊन गोटी बसवली, दांडा लावला, उलटा ओढला. कट्! वाटलं, नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडाच तुटला. पण तुटला होता तो गंज. नट अलगद फिरत बाहेर आला. स्टेपनी चढवली, पाचव्या किकला स्कूटर खोकली आणि चालू झाली. साडेनऊ वाजले होते.

"बाबा, मानलं!" मुलगा म्हणाला. मोबाईल खिशात गेला.

खरं सांगायचं तर आदल्या दिवशीच ती गोटी ठोकली असती तर गंजासकट आटेही गेले असते. तेलाला दिवसभर मुरू दिलं ते हिच्या हळदकुंकवानं. पण हे मी तिला सांगितलेलं नाही.

खडकीच्या रस्त्यावर सिग्नलला मागून आवाज आला, "अहो, पुढच्या वर्षी विळी पाटावर जायची नाही."

"नियम म्हणजे नियम."

"बरं. मग मुलाला सांगते, नट कुणी आणि कशानं घासला ते."

सिग्नल हिरवा झाला. मागच्यांनी हॉर्न वाजवले. मी गिअर टाकेना आणि ही हटेना.

शेवटी असं ठरलं, विळी पाटावरच राहणार. आदल्या दिवशी भाजी मी चिरणार. नियम मोडलेला नाही, हे लक्षात घ्यावं.