येरझारे

येरझारे हे त्याचं आडनाव नव्हतं. परदेशात, डँडेनॉन्गच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या आम्ही पाच जणांनी ते त्याला बहाल केलं होतं, कारण या माणसाला बसलेलं कोणी पाहिलंच नव्हतं. चहा उभ्याने, जेवण उभ्याने, आईशी फोनवर बोलणं तर पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत फेऱ्या मारत. नागपूरचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. "एका जागी बसला की गंजते माणूस," असं म्हणायचा आणि आमचीही झोप उडवायचा.

आम्ही दोघं एकाच कॉलेजात गाड्यांचं काम शिकत होतो आणि एकाच गॅरेजमध्ये शिफ्ट करत होतो. कॉलेजात काय शिकलो ते विचारू नका. आम्हाला पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, हवी होती आणि त्यासाठी कामाचे तास भरल्याचं गॅरेजमालकाचं पत्र. तेवढ्या एका कागदासाठी दोघंही जिवाचं रान करत होतो.

दादाचा वीज मोजायच्या मल्टिमीटरवर फारसा भरवसा नव्हता. "मीटर गोड बोलते रे. वायरला काम सांगून पाह्य," म्हणायचा. मला हे जुनाट वाटायचं.

त्या हिवाळ्यात काम आटलं. मालक म्हणाला, शुक्रवारनंतर एकालाच ठेवीन. त्याच आठवड्यात एक टर्बोवाली यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, आली. चढ लागला की दम सोडायची. टर्बोचा दाब सांभाळणाऱ्या सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेच्या, सर्किटचा फॉल्ट कोड येत होता. "जो दुरुस्त करेल तो राहील, मेट," मालकाने जाहीर केलं आणि यूट आधी माझ्या हातात दिली.

मी सोलेनॉइडचा प्लग काढून मीटर लावला. पूर्ण बारा व्होल्ट! म्हणजे वायर ठीक, सोलेनॉइड गेलं. मोठ्या रुबाबात नवं बसवलं. पहिल्याच चढावर यूट पुन्हा मेली, कोडही तोच. मालकाने घड्याळाकडे पाहिलं. मी घाईने प्लग पुन्हा काढायला गेलो, तो दोनदा हातातून निसटला.

शेजारी दुसऱ्या गाडीच्या ब्रेकचं काम करत असलेला दादा आला आणि त्याने माझ्या हातात टेस्ट लॅम्प ठेवला. प्लगमध्ये लावला तर दिवा लालसर, मिणमिणता. मीटरला बारा व्होल्ट दाखवणारी वायर एक बल्ब पेटवू शकत नव्हती.

"रिकाम्या हाताने सगळेच ताठ चालतात. ओझं दिलं की कळते," तो म्हणाला. "आता शोध."

मी वायर चाचपत गेलो. बॅटरीच्या खाली, पत्र्याला घासून, आतलं तांबं हिरवं पडलं होतं. दोनच तारा शिल्लक. तेवढा वेळ दादा खिशात हात घालून एका जागी उभा होता. तुकडा बदलला, यूट चढ चढली आणि मी गॅरेजमध्ये राहिलो.

"मले कंटाळाच आला होता इथला," असं म्हणून दादा फळं तोडायला शेपर्टनला निघून गेला. मी विश्वास ठेवला, कारण ते सोयीचं होतं. पुढे पीआरचे नियम कडक झाले. मला पत्र मिळालं होतं, दादा पत्राशिवाय नागपूरला परतला. आज स्कोफिल्ड्सला माझं घर आहे, आणि ही गोष्ट मला तिथे स्वस्थ बसू देत नाही.

गेल्या वर्षी धीर करून फोनवर विचारलं, "दादा, तुला फॉल्ट आधीच कळला होता ना?"

"तू सोलेनॉइड बदलत होता तेव्हाच."

"मग मालकाला का नाही सांगितलंस?"

"सांगाले निघालो होतो ना. ऑफिसच्या दारापर्यंत गेलो. तिथून तुझे हात दिसले, लटलट कापत होते," दादा म्हणाला. "माझे नव्हते कापत."