मामांचा अपॉस्ट्रॉफी

इंग्रजीतल्या मालकीहक्काची जेवढी काळजी माझ्या बायकोच्या मामांना आहे, तेवढी खुद्द इंग्रजांनाही नसेल. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली, पण रत्नागिरीतल्या पाट्या अजून त्यांच्या वर्गात बसतात. अपॉस्ट्रॉफी, म्हणजे मालकी दाखवायला अक्षराच्या डोक्याशी लोंबणारा तो स्वल्पविराम, चुकलेला दिसला की मामा भर रहदारीत रस्ता ओलांडतात. एका सलूनच्या पाटीवर ‘जेंट्स’मधल्या एसच्या आधी तो पाहून ते आत शिरले. “अरे, म्हणजे तू एकाच पुरुषाची दाढी करतोस होय?” न्हावी शांतपणे म्हणाला, “सकाळपासून तुम्ही एकटेच आलायत, सर.” मामा इतके खूश झाले की दाढी करूनच बाहेर पडले.

गेल्या वर्षी मात्र हे प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. नाटे गावच्या एका मच्छीमाराची मुलगी, सलमा, सरकारी भरतीच्या परीक्षेचं इंग्रजी शिकायला दर शनिवारी दुपारी एसटीने मामांकडे यायची. परीक्षा झाली, उत्तरतालिका लागली आणि तिचं एक उत्तर चूक ठरलं. ‘मच्छीमारांची जाळी’ इंग्रजीत कशी लिहायची? सलमाने ‘फिशरमेन’पुढे आधी चिन्ह आणि मग एस दिला होता. तालिकेत नेमकं उलटं.

“जाऊ दे सर, एका मार्काने काय होतं?”

“एका मार्काने माणूस घरी बसतो!” मामा कडाडले. “फिशरमेन म्हणजेच अनेक. त्यांना आणखी अनेक कशाला करायचं? उत्तर तुझंच बरोबर. आपण हरकत घ्यायची!”

व्याकरणाची तीन जाडजूड पुस्तकं पिशवीत घालून ते सायबर कॅफेत जाऊन बसले. मजकूर झाला साडेतीन पानं, आणि संगणकावरच्या चौकोनात मावेनात चार ओळींपेक्षा जास्त. मामा एक शब्द कापायला तयार होईनात. शेवटी सलमानेच ते सगळं चार ओळींत बसवलं. मामांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “हे मला जमलं नसतं हो.”

सुधारित तालिकेत गुण मिळाला. निवड यादीत सलमाचं नाव शेवटून दुसरं होतं. नेमणूक थेट नागपूरला.

तिला निरोप द्यायला आम्ही स्टँडवर गेलो. तिच्या वडिलांनी मामांचे दोन्ही हात धरले. “सर, पोरीचं सोनं केलंत.”

“छे हो, तिचं उत्तर बरोबरच होतं,” मामा म्हणाले.

गाडी दिसेनाशी झाली तरी ते तिथेच उभे. मग परतताना, बऱ्याच वेळाने, अगदी सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, “जावईबापू, शनिवारी दुपारी तुम्ही काय करत असता?”