मावशीचे बारा शब्द

माझा स्वभाव उतावळा. काम हातावेगळं झालं की मला बरं वाटतं. कसं झालं, ते मी नंतर बघते.

पेणच्या एका संस्थेत असताना मी जवळच्या जोहे गावात गणपती रंगवणाऱ्या बायकांना मोबाइलमधली नवी डिजिटल ओळख वापरायला शिकवायचे. कौशल्याचा दाखला थेट जिच्या तिच्या फोनमध्ये; त्याची नक्कल ना संस्थेकडे, ना सरकारकडे. फोन बिघडला तर सुरुवातीला फोनने दाखवलेले बारा शब्द क्रमाने टाकायचे, की दाखला परत. ते शब्द जिचे तिनेच जपायचे. "तुमची किल्ली तुमच्याच हातात," असं मी ठासून सांगायचे.

मूर्तींचे डोळे आखणारी एक मावशी होती. तिला लिहिता येत नव्हतं. म्हणाली, "तू वाच गो, मी ध्यानात ठेवीन. सगळ्या आरत्या पाठ हायत माझ्या." पण मला पेणची एसटी गाठायची होती आणि अजून नऊ फोन बाकी होते. "राहू द्या मावशी, मी ठेवते लिहून," म्हणत मी तिचे शब्द माझ्या वहीत उतरवले. मग बाकीच्यांचेही.

पुढे माझी बदली रोह्याला झाली. सामान हलवताना ती वही रद्दीत गेली. मला त्या वहीची आठवणही झाली नाही.

वर्षाने मावशी दोन एसट्या बदलून रोह्याच्या ऑफिसात आली. फोन बादलीत पडून बंद झाला होता. मूर्तींच्या एका मोठ्या कारखान्यात मुलींना आखणी शिकवायचं काम तिला मिळत होतं, पण परवापर्यंत दाखला दाखवायचा होता. नाहीतर परीक्षा पुन्हा, पुढच्या वर्षी.

"माझे शब्द दे गो."

आमचे साहेब समोरच बसले होते. मी म्हणाले, "मावशी, कागदावर लिहून दिले होते ना मी तुम्हाला?"

ती म्हणाली, "व्हय काय? मग माझ्याच हातनं हरवला असंल कागद." जाताना तिने माझ्यासाठी आणलेले पोह्याचे पापड टेबलावर ठेवले. मला ते खाववले नाहीत.

ते काम दुसरीला मिळालं.

गेल्या महिन्यात जोह्यात नव्या बायकांच्या शिबिराला मला रोह्याहून बोलावलं होतं. मी किल्लीचं वाक्य म्हटलं, तशी मावशी मागून उठली. "बायांनो, हिचं ऐका. हिनं मला शब्द लिहून दिलेले, मीच वेंधळी, हरवले. तुम्ही तसं करू नका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "मावशी बरोबर सांगतायत."